पट्टी धरून वाचा

आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एका सकाळी त्यावर ओळ आली, ‘आपले साहेब आज सकाळी गेले. आता भेट होणं कठीण.’ साहेब म्हणजे आमचे छपाई विभागाचे प्रमुख, वय ८१. वीस मिनिटांत २६ जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मी सत्ताविसावा. दुपारी साहेबांचा स्वतःचाच संदेश आला : ‘मुलीकडे राहायला आलो आहे. सुखरूप पोहोचलो. तुम्हा सर्वांच्या भावना वाचल्या.’

हसा खुशाल. माझी खरी लाज वेगळीच आहे. मी ३४ वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रतीतल्या, प्रुफातल्या, चुका शोधल्या. त्या २६ जणांपैकी नऊ जणांनी ‘श्रध्दांजली’ असं उलट जोडाक्षर लिहिलं होतं, ते मी बरोबर टिपलं. मनातल्या मनात नऊ खुणाही केल्या. पण पहिल्या ओळीतल्या ‘गेले’ला दोन अर्थ आहेत, हे काही टिपलं नाही. हाच शब्द प्रुफात आला असता तर खाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. त्याचेच तर मला पैसे मिळत होते.

तेव्हापासून मी फोन प्रुफासारखा वाचतो. ती पद्धत इथे देतोय. या यंत्रांवर माझा विश्वास आधीपासूनच कमी आहे, पण फोन फेकून द्या असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे लोक ते फोनवरूनच सांगतात.

आधी आकडा झाका

प्रूफ वाचताना आम्ही ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरायचो. कारण साधं आहे : पुढची ओळ दिसली की डोळा धावतो, आणि धावणारा डोळा जे असायला हवं ते वाचतो, जे आहे ते वाचत नाही. फोनवरही तेच करा. पत्त्याच्या पानाएवढा जाड कागद घ्या. मजकूर वर असतो, आणि किती जणांना आवडला, किती जण काय म्हणाले, ते खाली. खालच्या भागावर पट्टी धरून मजकूर शेवटपर्यंत वाचा. पहिले दोन-तीन दिवस घरचे लोक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. आठवड्याभरात पट्टीची गरज संपते, अंगठाच आपोआप त्या जागी जाऊन बसतो. इन्स्टाग्रामने २०२१ साली हे आकडे लपवण्याची सोय दिली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करून टाका. तरी पट्टीचा सराव सोडू नका, कारण आकडे सगळीकडे लपत नाहीत.

एका आकड्याने एवढं काय बिघडतं, असं वाटेल. २००६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली आणि १४ हजारांवर लोकांना ती ऐकू दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांची आठ वेगवेगळी ‘जगं’ केली, आणि प्रत्येक जगात त्याच जगातल्या आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं त्याचा आकडा दाखवला. एक गाणं एका जगात पहिलं आलं, तेच दुसऱ्या जगात चाळिसावं. गाणं तेच, ऐकणारेही तशाच प्रकारचे. पहिले चार जण कुणीकडे वळले एवढाच फरक.

२०१३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला जास्त झोंबला. एका संकेतस्थळावर लोकांच्या काही प्रतिक्रियांना संशोधकांनी गुपचूप, त्यात काय लिहिलंय ते न बघता, एकेक अनुकूल मत देऊन टाकलं, आणि काहींना एकेक प्रतिकूल. अनुकूल मत मिळालेल्या प्रतिक्रियांचं शेवटचं गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं. खोटं प्रतिकूल मत मात्र लोकांनी पुढे दुरुस्त करून टाकलं. म्हणजे खोट्या निंदेला आपण हरकत घेतो, खोट्या कौतुकामागे निमूट चालतो. शुद्धलेखनातही हेच होतं. बरोबर शब्दावर चुकून खूण झाली तर दहा जण भांडायला येतात, चुकीचा शब्द सुंदर छापला तर कुणी बघत नाही.

मत वहीत, मग खाली

मजकूर वाचून झाला की लगेच प्रतिक्रियांकडे जाऊ नका. एक छोटी वही जवळ ठेवा आणि त्यात एका ओळीत लिहा : मला काय वाटलं, आणि कशामुळे. तारीख टाका. मगच पट्टी काढा.

माझ्या वहीतली एक खरी नोंद : ‘अपघाताचा व्हिडिओ. ड्रायव्हरची चूक वाटत नाही, सिग्नल दिसतच नाही.’ मग पट्टी काढली. खाली शे-दीडशे लोक त्या ड्रायव्हरला फासावर लटकवत होते. मी पुन्हा व्हिडिओ बघितला, आणि काय सांगू, आता मलाही त्याची चूक दिसायला लागली! वहीतली ओळ नसती तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझं पहिल्यापासून हेच मत होतं. वहीचा उपयोग एवढाच. आपलं मत बरोबर असतं असं नाही, पण ते कधी बदललं आणि कुणाच्या दबावाने, हे सापडतं.

हे वहीचं प्रकरण माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५१ पासूनचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कुठली, एवढंच सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशचेच लोक, आणि ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर देणारे. शेवटी बोलायची पाळी एकट्या खऱ्या माणसाची. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या मागे गेली, आणि चारांपैकी तीन जण निदान एकदा तरी गेले. लोकांना हा भाग माहीत असतो. कमी माहीत असलेला भाग असा की उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी गुपचूप कागदावर लिहायला सांगितलं, तेव्हा चुका बऱ्याच घटल्या. गर्दी तीच, चुकीची उत्तरंही तीच कानावर पडत होती. फक्त हातात कागद आला.

मूळ प्रत मागा

प्रूफ कशाशी ताडतात? मूळ प्रतीशी. दुसऱ्या प्रुफाशी नाही. पहिल्या प्रुफातली चूक दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, म्हणून ती तीनदा सिद्ध होत नाही. साहेबांच्या बाबतीत २७ श्रद्धांजल्या होत्या आणि मूळ प्रत एकच, तीही संदिग्ध. आमच्यातल्या एकानेही ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारलं नाही.

म्हणून दोन खाने पाडा, मनात किंवा वहीत. डावीकडे : स्वतः पाहिलं असं सांगणारे. उजवीकडे : ऐकलं असं सांगणारे. बहुतेक खळबळीच्या बातम्यांत डावा खाना रिकामा राहतो. हे करायला अर्धा मिनिट लागतो.

व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो किमान पाच हातांतून पुढे ढकलला गेलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हा नियम मला आवडला, पण त्यातून भलताच अर्थ काढणारेही मी पाहिले आहेत : ‘इतक्या लोकांनी पाठवलंय, म्हणजे तथ्य असणार.’ धोक्याच्या खुणेलाच प्रशस्तिपत्र समजणारी माणसं!

हुकूम आला की खुर्चीतून उठा

गर्दीपेक्षा मला अधिकाराची भीती जास्त वाटते, कारण गर्दीवर आपण निदान चिडतो. अधिकार सभ्य असतो. निळी खूण, चांगला लोगो, ‘तुमचं खातं २४ तासांत बंद होईल’ ही शुद्ध भाषेतली ओळ. (शुद्ध भाषेवर मी फार भाळतो, हा धंद्याचा रोग. पूर्वी फसवणारे अशुद्ध लिहायचे, ती सोय यंत्रांनी काढून घेतली.)

खुणेचं काय होतं बघा. ट्विटरची निळी खूण २००९ पासून ‘हा माणूस खरोखर तोच आहे’ असं सांगायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिन्याला आठ डॉलर भरून मिळू लागली. १० नोव्हेंबरला एली लिली या औषध कंपनीच्या नावाने उघडलेल्या तोतया खात्यावरून, खुणेसकट, जाहीर झालं की इन्सुलिन आता फुकट. कंपनीला खुलासा करावा लागला. खूण जिथल्या तिथे होती, तिचा अर्थ मागच्या मागे बदलला होता.

आता नवा अधिकारी आलाय, विचाराल त्याचं उत्तर देणारा चॅटबॉट. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल न्यायालयात सादर केले. त्यातले सहा निकाल अस्तित्वातच नव्हते. त्यांच्यातल्या एकाने शंका आली म्हणून विचारलंही होतं. कुणाला? चॅटजीपीटीलाच. तो म्हणाला, खरे आहेत. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. प्रूफ प्रुफाशी ताडलं की असं होतं.

तर कृती अशी. पडद्यावर ‘ताबडतोब’, ‘शेवटची संधी’, ‘कुणाला सांगू नका’ यांपैकी काही दिसलं की फोन पालथा ठेवा आणि उठा. खरोखर उठा, बसल्या जागी विचार करू नका. दुसऱ्या खोलीत जा. ज्या संस्थेच्या नावाने संदेश आलाय तिचा नंबर जुन्या कागदावरून, पासबुकावरून, बिलावरून शोधा. संदेशातला नंबर वापरू नका. मग तुम्ही फोन करा.

उठण्याचा आग्रह मी स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगावरून शिकलो. १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात त्याने केलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी, त्याच खोलीत असलेल्या करड्या कोटातल्या माणसाच्या सांगण्यावरून, दुसऱ्याला ४५० व्होल्टचे झटके देण्यापर्यंत मजल मारली. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. या प्रयोगावर पुढे टीका झाली, आणि त्यातली बरीचशी रास्त आहे. पण त्यातला एक प्रकार मी विसरत नाही. करड्या कोटवाला खोलीबाहेर गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचांत एक उरले. काही जण तर फोनवर ‘हो हो, वाढवतोय’ म्हणत सगळ्यात हलका झटका देत राहिले. या लबाडीवर माझा फार जीव आहे. आता उलटं झालंय, करड्या कोटवालाच फोनमध्ये राहायला आलाय. अंतर आपल्यालाच पाडावं लागतं.

एकाने बोललं तरी पुरतं

ॲशच्या खोलीत आधीच एकाने बरोबर उत्तर दिलं, तर खऱ्या माणसाच्या चुका साधारण पाव उरत. गंमत म्हणजे त्या एकाचं उत्तरही चुकीचं असलं, पण गर्दीहून वेगळं असलं, तरी फायदा व्हायचा. तेव्हा बरोबर असण्याची वाट बघत बसू नका. फक्त वाक्य नीट बेता. ‘हे साफ खोटं आहे’ असं लिहिलं की समोरचा अब्रू वाचवायला उभा राहतो. मी लिहितो, ‘हे तुम्हाला कुठून कळलं? मला बघायचंय.’ वयाने किंवा मानाने मोठी व्यक्ती असेल तर आधी खासगीत लिहितो, ‘आपण पाठवलेलं वाचलं. मूळ बातमी मिळेल का?’ तासाभरात बहुतेक जण स्वतःच ते काढून टाकतात. न काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दिवस छोटा आहे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. ‘मी कुणाच्या मागे जात नाही’ म्हणणाऱ्यांचाही कळप असतो, आणि मी त्यात काही महिने चरलो. पुतणीने नव्या नंबरवरून लिहिलं होतं, ‘काका, माझा नंबर बदलला, हा ठेवा.’ मी तो फसवणुकीचा समजून अडवून टाकला आणि स्वतःवर खूश झालो. तिच्या जुन्या नंबरवर फोन करून बघावं, तो बंद लागला तर तिच्या आईला विचारावं, एवढं सुचलं नाही. तीन दिवसांनी ती दारात उभी : ‘काका, मला ब्लॉक का केलंत?’ संशय घेणं म्हणजे तपासणं नव्हे. संशय फुकट असतो, तपासायला फोन करावा लागतो.

साहेब अजून ग्रुपवर आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला एकच शब्द पाठवतात, ‘आहे.’ खाली सगळे अंगठे उमटवतात. मी पट्टी धरून तो शब्द वाचतो, त्यात चूक नसते. तरी त्यांच्या मुलीच्या घरी फोन लावतो. हा संदेश त्यांच्या फोनवरून दुसराही कुणी पाठवू शकेल, असं मी त्यांना पहिल्याच महिन्यात बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून फोन ते स्वतःच उचलतात आणि मी काही विचारायच्या आत म्हणतात, ‘मूळ प्रत बोलतेय.’