कोल्हापूरच्या वर्गात पन्हाळा भिंतीवर कसा आणला

सव्वीस वर्षं खडू-फळ्यावर काढली. यंदा वर्गात प्रोजेक्टर आला. सातवीला १६६०चा पन्हाळ्याचा वेढा नकाशावर दाखवायचा होता. लॅपटॉपचं चित्र-आवाज प्रोजेक्टरला नेणारी एचडीएमआय वायर खोचली, तर भिंतीवर निळा चौकोन आणि ‘नो सिग्नल’. तीनदा काढून घातली. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, सोर्स बदला की!” रिमोटवर सोर्स, म्हणजे चित्र कुठून घ्यायचं ते बटण, दाबून एचडीएमआय १ निवडलं. आता भिंतीवर नुसता वॉलपेपर. नकाशा माझ्या लॅपटॉपवरच. म्हणजे एक्स्टेंड मोड, भिंत हा लॅपटॉपचा वेगळा, जादा पडदा. विंडोजचं बटण धरून पी दाबलं, डुप्लिकेट, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, निवडलं, आणि आला की पन्हाळा! पण व्हिडिओचा आवाज येईना. एचडीएमआय लावली की तो बहुतेक वेळा प्रोजेक्टरकडे जातो. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून लॅपटॉपचा स्पीकर निवडला. तोवर तास संपला. पावनखिंड दुसऱ्या दिवशी घेतली.