‘वाघ दिसला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

जुन्नर-आंबेगावकडे कुणी ‘वाघ आलाय’ म्हणालं, तर तो बहुधा बिबट्या असतो. पट्टेवाला तो ढाण्या. हा फरक न विचारताच मेसेज पुढे जातो आणि रात्रीत तालुकाभर घबराट. बिबट्या तिथे पाहुणाही नाही; उसातच पिलं वाढवतो.

ठशांचा घोळ तर नेहमीचाच. मला एकाने ‘वाघाचा पंजा’ पाठवला होता. शेजारी मापाला हात ठेवलेला, तोही फोटोत अर्धाच! नीट पाहिलं तर चारही बोटांपुढे नखांची टोकं उमटलेली, म्हणजे कुत्रा नाहीतर तरस. वाघ-बिबटे चालताना नखं आत ओढून घेतात आणि त्यांच्या तळव्याच्या गादीला मागच्या बाजूने तीन फुगवटे दिसतात. ओल्या चिखलात ठसा पसरून मोठा होतो, निसरड्यावर बिबट्याचीही नखं उमटतात. म्हणून धुळीतला ठसा शोधा, शेजारी काडेपेटी ठेवा आणि बरोब्बर वरून फोटो काढा.

रात्रीच्या सीसीटीव्हीत रंग नसतो. तरसाच्या अंगावरही पट्टे असतात, त्यामुळे तो हमखास वाघ ठरतो. पाठ बघा: खांद्याशी उंच, मागे उतरती, मानेवर आयाळ, शेपूट आखूड नि झुपकेदार? मग तरसच.

पण ‘इकडे कुठला वाघ’ म्हणून हसण्यावारी नेणं हीसुद्धा चूकच. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी अभयारण्यात कॅमेऱ्यात खरोखर वाघ आला. जुन्या फोटोंशी पट्टे जुळवल्यावर तो सुमारे ५०० किलोमीटरवरच्या, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. २०१९ मध्ये तिथलाच एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ तेलंगणातून फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. तरणे नर स्वतःचा इलाखा शोधत असे निघतात. तेव्हा वेळ, दिशा, शेपटीची लांबी टिपून ठेवा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका, बघे वनखात्याच्या आधी पोहोचतात.

गर्दीने काय होतं ते बघा: डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा आला होता. लोक मागे धावले, तो सैरावैरा पळाला आणि पकडल्यावर मेला. त्याच महिन्यात बावधनला दुसरा आला. या वेळी गर्दी लांब ठेवली, वाट मोकळी सोडली. तो आपला आपण जंगलाकडे निघून गेला.