ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच राहतात: दुरुस्ती करताना या चुका टाळा

अमेरिकेत संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना कपडे वाळवण्याच्या ड्रायरची सवय लवकर लागते, कारण अनेक वसाहतींत बाहेर दोरी बांधायला परवानगी नसते आणि थंड प्रदेशांत हिवाळ्यात ती बांधून उपयोगही नसतो. हा ड्रायर एके दिवशी नेहमीसारखाच फिरतो, आवाजही तोच येतो, पण तासाभराने दार उघडावे तर आतले कपडे गार आणि ओले. अशा वेळी बहुतेक जण हीटर जळाला असे धरून चालतात आणि नवा हीटर मागवतात. मीही तेच केले होते. अर्धा दिवस खपून नवा हीटर बसवला, तरी ड्रायर थंडच राहिला. शेवटी विजेच्या पेटीतला ब्रेकर, म्हणजे जादा प्रवाह आला की वीज तोडणारा खटका, पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा तो तापला.

असे का होते, हे भारतातील वीजजोडणीची सवय असलेल्या माणसाला चटकन उमगत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत २३० व्होल्टची एकच फेज येते, त्यामुळे वीज एक तर असते किंवा नसते. अमेरिकी घरात मात्र १२० व्होल्टच्या दोन तारा येतात आणि त्या दोन्हींमध्ये मिळून २४० व्होल्ट मिळतात. विजेवर चालणाऱ्या तेथील ड्रायरची मोटर सहसा एका तारेवरच्या १२० व्होल्टवर फिरते, तर हीटरला दोन्ही तारा लागतात. त्यामुळे मोटर जिच्यावर फिरते ती सोडून दुसरी तार तुटली, तर ड्रम फिरत राहतो, दिवा लागतो, पण उष्णता निर्माण होत नाही. ड्रायरचा ब्रेकर ३० अँपिअरचा आणि दुहेरी असतो, म्हणजे त्याचे दोन खटके एका दांडीने जोडलेले असतात. त्यातील एकच बाजू निकामी झाली, तर बाहेरून पाहून ते कळेलच असे नाही. म्हणून पहिला उपाय हाच, की ब्रेकर पूर्ण बंद करून मग चालू करावा. तो पुन्हा पडला, तर वारंवार चढवत बसू नये. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

घर बदलल्यावर हा दोष विशेष आढळतो. जुन्या घरांतील सॉकेट तीन पिनांचे आणि नव्या घरांतील चार पिनांचे असल्याने ड्रायरची वायर बदलावी लागते, आणि पाठीमागच्या जोडपट्टीवरचा एखादा स्क्रू सैल राहतो. सैल जोड तापतो, काळवंडतो आणि कालांतराने तुटतो. प्लग काढून तेथील झाकण उघडले, की जळल्याची खूण बहुधा डोळ्यांनाच दिसते. सॉकेटमधील व्होल्टेज मोजणाऱ्याने प्रत्येक तार न्यूट्रलशी मोजून थांबू नये, तर दोन्ही तारांमध्ये २४० व्होल्ट येतात का, हे पाहावे. चालू विजेवर काम करण्याचा सराव नसेल, तर ही मोजणी दुसऱ्यावर सोपवणेच योग्य.

दुसरी चूक कपड्यांकडे नीट न पाहण्याची. कपडे गार आणि ओले असतील, तर हीटरपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा हीटर तुटला आहे. पण ते कोमट, दमट आणि वाफाळलेले असतील, तर हीटर ठीक आहे आणि हवा बाहेर पडत नाही. अशा वेळी सुटे भाग बदलण्यात पैसे घालवण्याऐवजी ड्रायरमागची नळी आणि भिंतीबाहेरची झडप तपासावी. कपड्यांतून सुटणारे तंतू, म्हणजे लिंट, तेथे थरावर थर साचते. ड्रायर ढकलून भिंतीला टेकवला, तर मऊ फॉइलची नळी चेपते, तेही पाहावे. लिंटची जाळी स्वच्छ दिसली, तरी ड्रायर शीटचा (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकतात त्या कागदासारख्या पट्टीचा) मेणचट थर तिच्यावर बसलेला असू शकतो; नळाखाली धरल्यावर पाणी जाळीवर थांबून राहिले, तर ती साबण लावून ब्रशने घासावी.

सर्वांत धोकादायक चूक थर्मल फ्यूजबाबत होते. ड्रायर मर्यादेबाहेर तापला, की हा छोटासा भाग एकदाच तुटतो आणि पुन्हा जोडला जात नाही. काही ड्रायरमध्ये तो गेला, की यंत्र सुरूच होत नाही, तर काहींत केवळ हीटर बंद पडतो. तो काढून त्याच्या दोन तारा थेट जोडल्या, की ड्रायर तापतो, आणि असा सल्ला देणारेही भेटतात. कृपया तसे करू नये. तंतूंनी भरलेल्या बंद पेटीत हजारो वॉटचा हीटर चालू असताना आग रोखणारा तो एक महत्त्वाचा अडथळा आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानेही ड्रायरच्या आगींमागे सफाई न करणे हेच आघाडीचे कारण नोंदवले आहे. नवा फ्यूज लावून निश्चिंत होणेही पुरेसे नाही. हवेचा मार्ग तुंबलेला असेल, तर तो फ्यूजही काही दिवसांत जातो.

मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाने, भाग तपासताना प्लग काढलेला असावा आणि त्या भागाची किमान एक तार सोडवलेली असावी, अन्यथा दुसऱ्या मार्गाने येणारा आकडा फसवतो. थर्मल फ्यूज आणि थंड अवस्थेतील थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) जवळजवळ शून्य ओहम दाखवतात. ५४०० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे ११ ओहम येतो. आकडाच आला नाही, तर त्याची कॉइल तुटली आहे. हीटरचे टोक आणि त्याची धातूची पेटी यांमध्ये मात्र काहीही आकडा येता कामा नये. लोंबलेली कॉइल पेटीला टेकली, की हीटर थर्मोस्टॅटच्या ताब्यात राहत नाही, आणि फ्यूज वारंवार जाण्यामागे हेही कारण असते.

गॅसच्या ड्रायरला वरील हीटर नसतो. त्यात इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, लाल होऊन विझला आणि ज्योत आली नाही, तर संशय बहुधा गॅसच्या झडपेवरील कॉइलवर घ्यावा. गॅसचा वास आला, तर कोणतेही बटण न दाबता घराबाहेर पडून गॅस कंपनीला कळवावे.

दुरुस्तीनंतर सर्व आवरणे बसवून ड्रायर चालवावा आणि बाहेर जाऊन झडपेखाली हात धरावा. झडप पूर्ण उघडून गरम हवेचा जोरदार झोत यायला हवा. तो मंद असेल, तर नळी पुन्हा काढून भिंतीतला भागही साफ करावा.