सर्दी-खोकल्याचं सिरप देताना या चुका टाळा

मूल शिंकायला लागलं की फ्रिजच्या दारातली अर्धी बाटली बाहेर येते. तिच्यासोबत तापाचं औषधही दिलं जातं, आणि सगळ्यांत मोठी चूक इथेच होते.

बाटलीची मागची बाजू वाचा. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये दर ५ मिलीला क्लोरफेनिरामाइन (शिंका, वाहतं नाक थांबवणारं) १ मिग्रॅ, फेनिलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं) ५ मिग्रॅ आणि पॅरासिटामोल १२५ मिग्रॅ असतं. म्हणजे तापाचं औषध त्यात आधीच आहे. १६ किलोच्या मुलाला पॅरासिटामोल एका वेळी साधारण १६० ते २४० मिग्रॅ चालतं. या सिरपचे ५ मिली आणि वर २५० मिग्रॅवाल्या तापाच्या सिरपचे ५ मिली दिले, की पोटात ३७५ मिग्रॅ गेलं. असं दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी, असं समजू नका. केमिस्टला सरळ विचारा, ‘यात पॅरासिटामोल आहे का?’

घरातला चमचा नको. कुठल्या चमच्यात तीन मिली मावतं, कुठल्यात सात. बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. त्यामुळे ‘मोठ्याचं उरलंय, धाकट्याला अर्धं देऊ’ हा हिशेब कृपया करू नका. इतक्या लहानग्यांची साधी सर्दी बहुतेक वेळा आपोआप बरी होते. नाकात सलाइनचे थेंब आणि भरपूर पाणी किंवा दूध पुरतं. मध एक वर्षानंतरच.

मोठ्यांनीही जपायला हवं. बीपी असेल तर फेनिलएफ्रिन डॉक्टरांना विचारूनच घ्या. क्लोरफेनिरामाइनने झोप येते, तेव्हा ते घेऊन गाडी चालवू नका. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर खोकला दाबणाऱ्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनबद्दल आधी विचारा.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायइथिलिन ग्लायकॉल असलेल्या सिरपने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. असं विष लेबल वाचून कळत नाही. म्हणून सिरप दिल्यावर लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा मूल नीट जागं होईना, तर औषध लगेच बंद करा आणि मुलाला दवाखान्यात न्या. उरलेली बाटली फेकू नका, सोबत घ्या. तिच्यावरचा बॅच नंबर डॉक्टरांना लागेल.