घाटावर बसून तैलरंगात निसर्गचित्र कसं करावं

कॅनव्हास लहान घ्या, १० बाय १२ इंच पुरे. आदल्या दिवशी त्यावर बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात फिरवून ठेवा. पांढऱ्या कॅनव्हासवर उन्हात डोळे दिपतात. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटासारखी जागा असेल तर सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर बसा. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. उन्हात धरलेल्या कॅनव्हासवर रंग उजळ दिसतो, म्हणून आपण गडद कालवतो आणि घरी आल्यावर चित्र अंधारात गेलेलं असतं. छत्री रंगीत नको, डोळ्यांवर गॉगल तर नकोच.

रेखाटन पाच मिनिटांत उरका. पायऱ्या मोजत बसू नका.

आता सावल्या. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं, आणि बहुतेकांची चित्रं इथेच बिघडतात. ‘आधी आकाश, मग डोंगर, मग पुढचं’ हा सल्ला जलरंगात ठीक आहे. तैलरंगात तो कशाला पाळायचा? निरभ्र आकाश तासाभराने रंगवलं तरी चालतं, पण तेवढ्या वेळात भिंतीवरची सावली कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून पहिल्या २० मिनिटांत फक्त सावल्या लावायच्या. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, टर्पेंटाइनने पातळ केलेले. या थरात पांढरा अजिबात नाही; तो पडला की सावली खडू फासल्यासारखी दिसते. डोळे किलकिले करून बघा. झाडाखालची, पायऱ्यांची, भिंतीची सावली एकमेकींत मिसळून एकच मोठा आकार दिसेल. तोच लावा. एकदा लावलात की ऊन कितीही सरको, त्या आकाराला हात लावायचा नाही. सरकत्या सावलीमागे ब्रश घेऊन धावलात तर एकाच चित्रात दोन सूर्य दिसतात.

‘फोटो काढून घरी पूर्ण करा’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. फोटोत सावली काळीठिक्कर होते. पाण्यावरून, जमिनीवरून तिच्यात आलेला उजेड गायब.

दुसरी गोम काळ्या दगडाची. घाट बेसॉल्टचा, म्हणून हात आपसूक काळ्या ट्यूबकडे जातो. ती घरीच ठेवा. उघड्या सावलीत उन्हाच्या मानाने उजेड कित्येक पट कमी असतो, त्यामुळे उन्हातला काळा दगड आणि सावलीतली चुन्याची भिंत टोनमध्ये, म्हणजे गडद-फिकेपणात, जवळजवळ सारख्या होतात. पटत नसेल तर राखाडी पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा, एकातून दगड आणि दुसऱ्यातून भिंत बघा.

पुढचं सोपं आहे. आकाश, दूरचे निळसर डोंगर, मग उन्हातले भाग, जाड रंगाने, शेवटी. पाण्यात गडद वस्तूचं प्रतिबिंब जरा फिकं आणि उजळ वस्तूचं जरा गडद ठेवा. दोन तासांत थांबा.

उरलेलं टर्पेंटाइन कृष्णेत ओतू नका, बाटलीत परत आणा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा गाडीच्या डिकीत कोंबू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. ओला कॅनव्हास नेताना त्याच मापाचा दुसरा कोरा कॅनव्हास समोरासमोर धरा, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि दोन्ही घट्ट बांधा.