तांब्याचा हीटसिंक घेताय? आधी वजन करा, मग बूड बघा
जुन्या बाजारात तांबूस रंगाचा सीपीयू कूलर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची उष्णता खेचून घेणारा धातूचा हीटसिंक, दिसला की लगेच भुलू नका, कारण नुसतं तांब्याचं पाणी दिलेलं अ‍ॅल्युमिनियमपण तसंच चकाकतं. चुंबकाने काही कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. सरळ हातात घेऊन बघा, तांब्याची घनता घन सेंटीमीटरला ८.९६ ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७, म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा तिपटीहून जड लागायलाच हवा. शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात कानशीने जरासं घासा, आत पांढरं निघालं की समजा.

मग बूड, म्हणजे प्रोसेसरवर टेकणारा तळ. स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघायचं, मधून प्रकाश आला तर तळ सपाट नाही आणि प्रोसेसर आणि बुडाच्या मधे लावायच्या पेस्टचा थर जाड बसणार, मग तांब्याचा काय उपयोग? आरशासारखी चकाकी म्हणजे सपाटपणा नाही हां, इथे भले भले फसतात.

फिन्स, म्हणजे हवेत उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, बुडाला सोल्डर केल्यात की नुसत्या दाबून बसवल्यात तेही बघा, एखादी हलली तर उष्णता तिथेच अडते. फिन्स खूप दाट असतील तर हळू फिरणाऱ्या पंख्याची हवा आत शिरतच नाही.

आणि वजनाचा तोटाही आहेच, प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने जुन्या सॉकेट ए साठी (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) कूलरला ३०० ग्रॅमची मर्यादा दिली होती, अख्खा तांब्याचा ठोकळा ती सहज ओलांडतो. असा पीसी हलवायचा असेल तर कॅबिनेट आडवं ठेवूनच न्या.