मांजराच्या किडनीचं पथ्य: या चुका टाळा

"भूक लागली की खाईल आपोआप." किडनीचं दुखणं असलेल्या मांजराच्या घरात हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, कारण मी स्वतः ते बोलले होते.

आमची मनी १२ वर्षांची. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, ३.४ निघालं, म्हणजे आजाराची तिसरी पायरी. त्याच संध्याकाळी मी तिची दूध-पोळी, सुकट सगळं बंद करून नागपूरहून मागवलेलं रिनल ड्राय फूड, म्हणजे किडनीच्या पथ्याचं कोरडं अन्न, वाटीत ठेवलं. तिने हुंगलं, वाटीशेजारची फरशी पंजाने खरवडली, घाण झाकावी तशी, आणि कोठीच्या मागे जाऊन बसली. दोन दिवस तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर जवळजवळ ओरडलेच: आधी काहीही खाऊ घाला, पथ्य मागाहून!

मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते, आणि तो आजार किडनीच्या आधी जीव घेऊ शकतो. म्हणून जुन्या जेवणात नवं चमचाभर मिसळा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. मळमळ, उलटी चालू असेल तर आधी त्यावर डॉक्टरांकडून औषध घ्या. मळमळताना पुढे आलेलं अन्न मांजर नंतरही नाकारू शकतं. त्याच वाटीत कडू गोळी कुस्करलीत तरी तेच होऊ शकतं. थोडं कोमट केलं की वास सुटतो आणि बरीच मांजरं खातात. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

दुसरी चूक मायेपोटी होते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "मुकं जनावर हाय ते, थोडं देल्लं त काय होते?" त्यांना मी दोष देत नाही. पण किडनीच्या पथ्याचा गाभा म्हणजे कमी फॉस्फरस, आणि सुकट, हाडं, दूध यांत तोच भरपूर. सुकटीत वरून मीठही. गावात मांजर तीन घरी जेवतं, म्हणून शेजारीही सांगून ठेवावं लागतं. शेतातला उंदीर काही आपल्या हातात नाही.

माणसाच्या पथ्यावरून मांस पूर्ण तोडून वरण-भातावर ठेवणारेही आहेत. असं करू नका. मांजराला टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. पथ्याच्या अन्नात प्रोटीन मोजकं असतं, पण असतं. रस्सा तर नकोच, कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात.

पाण्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. "सारखी पाणी पिते, सारखी मुतते" म्हणून वाटी उचलू नका! किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून अंगातलं पाणी निघून जातं. मांजर तीच तूट भरून काढत असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम १० टक्के. पाउचच्या ओल्या अन्नात ७५ टक्क्यांच्या वर असतं. परवडत नसेल तर ड्राय फूड कोमट पाण्यात भिजवा, थोडंच भिजवा, उन्हाळ्यात तासाभरात आंबूस वास येतो. माठाजवळ, ओसरीत, खाटेखाली अशा तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा.

दुसऱ्याच्या मांजराच्या पथ्याच्या अन्नाची उरलेली पिशवी आणू नका. डायबेटिसच्या मांजराला प्रोटीन जास्त, पिष्ट कमी लागतं. मूतखड्याच्या काही अन्नांनी लघवी आम्ल होते, ते किडनीच्या रोग्याला बाधतं. बोका कुंथतोय पण थेंब येत नाही, तर अन्न बदलत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मनीला मी दर महिन्याला पिशवीत बसवून काट्यावर तोलते. वजन तारखेसह डब्याच्या झाकणावर लिहिते. २०० ग्रॅम उतरलं की पुढच्या रिपोर्टची वाट न बघता फोन लावते.